उन्हात कोंडलेल्या चेलोचा सूड

मी एक जुना चेलो आहे. मित्रांनो, तुम्ही व्हायोलिन पाहिलं असेल. मला त्याचा थोरला भाऊ समजा. मला खांद्यावर घेता येत नाही, मी तेवढा हलका नाही. वाजवणारा खुर्चीवर बसतो, मला दोन गुडघ्यांमध्ये धरतो, माझ्या पायाची लोखंडी दांडी जमिनीत रुतवतो आणि गज हातात घेतो. माझी पाठ त्याच्या छातीला टेकते, म्हणून तो घाबरला असेल, खूश असेल किंवा चिडला असेल, तर ते सगळ्यात आधी मला कळतं.

माझी कहाणी रागाची आहे. एवढ्या जुन्या वाद्यानं इतका राग धरून ठेवावा का, असं तुम्हाला वाटेल. आधी ऐका आणि मग ठरवा.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड डोंगराळ गावात झाला. माझं पोट बर्फात वाढलेल्या झाडाचं आणि पाठ मॅपलच्या लाकडाची. मला कारागिराने एकही खिळा न वापरता नुसत्या सरसाने जोडलं. पुढे बोटीतून मी मुंबईला आलो आणि गोव्याच्या एका वादकाकडे राहिलो. ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. मोठमोठ्या गाण्यांच्या मागे मी वाजलो, पण माझं नाव कुठे आलं नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तसं ठरलेलंच होतं. म्हातारपणी त्यांची बोटं आखडली, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या सर्वांत आवडत्या विद्यार्थिनीच्या हाती दिलं. तिचं नाव छाया.

छायाताईंचं लग्न झालं आणि १९९३ साली मी त्यांच्याबरोबर दुबईला आलो. करामा भागातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. छायाताईंचे यजमान चारुदत्त एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर होते. माझ्यासाठी ते बाहेरच्या खोलीतला एसी कधी बंद करत नसत. "या घरात माझ्यापेक्षा चेलोची बडदास्त जास्त," असं ते पाहुण्यांना सांगत आणि हसत. छायाताई एका शाळेत संगीत शिकवायच्या. घरी त्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवायच्या. आवाज स्वच्छ, सूर नेमके. पण ऐकायला कुणी नव्हतं. त्यांच्या छातीतला एकटेपणा मला रोज जाणवायचा.

मग आम्हाला हव्वाबी भेटल्या.

हव्वाबी शारजात रोल्ल्याच्या चौकाजवळ राहायच्या. चारुदत्तांच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या त्या आई. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, पण आजोबा व्यापारासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर गेले आणि हव्वाबींचा जन्म तिथलाच. पुढे तिथे मोठी उलथापालथ झाली, माणसं मारली गेली, आणि त्यांचं कुटुंब रातोरात बेट सोडून निघालं. सामानात एक ढोल होता. तो त्यांच्या आईचा. तिथल्या बायका त्याला न्गोमा म्हणतात.

छायाताई आणि चारुदत्त ईदच्या जेवणाला गेले असताना हव्वाबींनी छायाताईंना विचारलं, "तू काय तरी वाजवतंस म्हणं? काय गो तां?"

"चेलो. मोठ्या व्हायोलिनसारखा असतो."

"मंग घरात कशाला ठेवलंस? पुढच्या जुम्याला घेऊन ये. आपून बघू काय बोलतो तो."

पुढच्या शुक्रवारी मी रोल्ल्याला गेलो. हव्वाबींनी ढोल मांडीखाली घेतला आणि वाजवायला सुरुवात केली. मित्रांनो, मी आयुष्यभर एक-दोन-तीन-चार मोजत आलो होतो. इथे सहा ठोके होते. उजवा हात ते तीन-तीन असे मोजत होता आणि डावा हात दोन-दोन-दोन असे. दोन्ही खरे होते. छायाताई गोंधळल्या. त्यांचा गज हवेतच थांबला.

"मोजू नको," हव्वाबी म्हणाल्या. "पाय एक वाट चालू दे, हात दुसरी. घरी पोचल्याशी मतलब."

त्यानंतर दर शुक्रवार रोल्ल्याचा झाला. छायाताई माझ्या जाड तारेवर एकच सूर धरून ठेवायच्या, बोटांनी बारीक तारा छेडायच्या आणि मधूनच तळहाताने माझ्या पोटावर थाप द्यायच्या. माझ्या पोटातून ढोलाचा आवाज निघू शकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ज्या रचना त्या वर्षानुवर्षं काटेकोर वाजवत होत्या, त्यांत हव्वाबींचे सहा ठोके मिसळले. त्या रचना सैल पडल्या नाहीत, उलट चालायला लागल्या. आता छायाताईंची छाती मला वेगळी लागायची. त्या आनंदात होत्या.

हव्वाबींकडे एक गाणं होतं, त्यांच्या आईचं. नवरी घरातून निघायच्या आधी फक्त बायका दार लावून घेत आणि आई ते मुलीला म्हणून दाखवायची. दाराबाहेर ते जायचं नाही, हा नियम. एके दिवशी हव्वाबींनी ते छायाताईंना शिकवलं.

"आणि हा?" माझ्याकडे बोट दाखवून छायाताईंनी हसत विचारलं. "हा चेलो तर पुल्लिंगी आहे."

"तो लाकडाचा. त्याला कोण पुरुष म्हणतंय? पण तू दार लाव आधी."

दार लावलं. मी ते गाणं वाजवलं. त्याच्यासारखं दुसरं काही मी वाजवलेलं नाही.

आता राजनची गोष्ट. राजन मूळचा गिरगावचा. दुबईतल्या हॉटेलांत वादकांचे ताफे पुरवायचा आणि स्वतः पुढे उभा राहून हातात काठी घेऊन वाद्यवृंद चालवायचा. रोल्ल्याच्या एका छोट्या कार्यक्रमात त्याने छायाताई आणि हव्वाबींना ऐकलं आणि थेट पाया पडला.

"वहिनी, धिस इज समथिंग एल्स! आपण रेकॉर्ड करू या. स्टुडिओ माझा, टेक्निशियन माझे. तुम्ही फक्त वाजवा."

हव्वाबींनी एकच अट घातली. आईचं गाणं टेपवर जाणार नाही. राजन म्हणाला, "अम्मा, तुम्ही म्हणाल तसं. खलास."

रेकॉर्डिंग झालं. दुपारी तंत्रज्ञ जेवायला गेले, काचेपलीकडचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. हव्वाबी दमल्या होत्या. जीव शांत व्हावा म्हणून त्यांनी डोळे मिटून आईचं गाणं हळूच म्हटलं. छायाताईंनी मला जवळ ओढलं आणि साथ दिली. दार बंद होतं, खोलीत आम्ही तिघंच होतो. दिवा विझवला होता, पण यंत्र चालू ठेवलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

१९९७ च्या जून महिन्यात अल ऐन शहरात एका बड्या माणसाच्या बंगल्यावर कार्यक्रम ठरला. हव्वाबींची तब्येत बरी नव्हती, म्हणून राजनच्या गाडीतून छायाताई आणि मी असे दोघंच निघालो. वाळवंटातून जाताना राजनने मोठ्या ऐटीत एक कॅसेट लावली.

"वहिनी, पहिली कॉपी. उद्यापासून मार्केटमध्ये."

गाडीभर हव्वाबींचा आवाज पसरला. आईचं गाणं. मागे मी.

छायाताईंनी कॅसेटचं वेष्टन हातात घेतलं. वर सिंहाचं चित्र. नाव 'शिकार'. खाली लिहिलं होतं, संगीत राजन. हव्वाबींचं नाव नव्हतं. छायाताईंचंही नव्हतं.

"हे गाणं नको म्हणून सांगितलं होतं," छायाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"अहो, त्यातच तर जादू आहे! बाकीच्या ट्रॅक्समध्ये काय ठेवलंय?"

"हे त्यांच्या आईचं आहे."

"आईचं म्हणजे काय? प्रॉपर्टी आहे का कुणाची? फोक आहे, वहिनी, फोक. जो उचलेल त्याचं."

"मी आज वाजवणार नाही."

बंगल्यापाशी गाडी थांबली, छायाताई खाली उतरल्या आणि मला काढायला मागे आल्या. राजनने गाडी कुलूपबंद केली आणि किल्ली खिशात घातली.

"वाजवते म्हणा. मग किल्ली."

"राजन, ऊन बघा. लाकूड आहे ते."

"म्हणून तर सांगतोय. यल्ला, लवकर ठरवा."

मित्रांनो, जूनमधल्या अल ऐनच्या दुपारी बंद गाडीत काय होतं, ते तुम्हाला सांगतो. आधी माझ्या तारा ताणल्या गेल्या. मग वार्निश मऊ झालं आणि पेटीचं मखमली कापड मला चिकटलं. मग तो सरस, ज्याने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं होतं, पातळ होऊ लागला. माझी पाठ बरगड्यांपासून सुटली. मान सैल झाली. तारा उचलून धरणारी घोडी पडली. सर्वांत शेवटी माझं पोट वरपासून खालपर्यंत चिरलं. बाहेर छायाताई काचेवर मुठी आपटत होत्या. त्यांनी चौकीदाराला बोलावलं, दगड शोधला. त्या "वाजवते" म्हणाल्या नाहीत. शेवटी चौकीदाराने मागची काच फोडली, तेव्हा त्यांच्या हातात आलो तो मी चेलो नव्हतो, लाकडाचे तुकडे होतो.

राजन व्हरांड्यात सरबत पीत उभा होता. "बघा, तुमच्या हट्टापायी," एवढंच तो म्हणाला.

त्या क्षणी छायाताईंच्या छातीत जे पेटलं, ते माझ्याही आत पेटलं. तो दोघांचा एकच राग होता.

त्यांनी मला मुंबईला नेलं. एका जाणत्या माणसाने मला पुन्हा जोडलं. पण पोटावरची चीर राहिली. तेव्हापासून माझ्या खालच्या सुरांना एक खरखर आहे.

हव्वाबींचं नुकसान मात्र कुणालाही जोडता येण्यासारखं नव्हतं. रोल्ल्यातल्या एका ज्यूसच्या दुकानात त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. आतबाहेर पुरुष उभे, संत्र्याचा रस पीत, आणि वर आईचं गाणं. झांझिबारहून आलेल्या बायकांचा एक गोतावळा शारजात होता. त्यांना वाटलं, हव्वाबीने आईचं गाणं विकलं. सख्ख्या भाचीच्या लग्नात, दार लावल्यावर, एकीने त्यांच्या मांडीखालचा ढोल काढून घेतला. "तू बस. आम्ही वाजवतो." त्या दिवसापासून हव्वाबींनी ढोलाला हात लावला नाही.

छायाताई भेटायला गेल्या, तेव्हा हव्वाबींनी दाराआडूनच विचारलं, "तू दिलंस त्याला?"

"नाही. स्टुडिओत आपण दोघीच असताना यंत्र चालू होतं. मला नंतर कळलं."

मग कडी निघाली. "मंग ये आत. दोघी बसून त्याला शाप देऊ."

मित्रांनो, शापाने काही होत नाही. राजन मोठा होत गेला. 'शिकार' हॉटेलांत वाजली, टीव्हीवरच्या जाहिरातीत वाजली. छायाताई शाळेत शिकवत राहिल्या. पण रोज संध्याकाळी दार लावून त्या सहा ठोक्यांचा रियाज करायच्या, दात आवळून. चारुदत्त म्हणायचे, "सोड ना गं आता. किती वर्षं हे डोक्यात ठेवणार?"

"तो समोर येईपर्यंत."

तो आला. २००१ च्या जानेवारीत. दुबईतल्या एका आलिशान हॉटेलात 'शिकार' प्रत्यक्ष मंचावर सादर होणार होती, तिकिटं संपली होती. परदेशातून येणारी चेलोवादक ऐनवेळी आजारी पडली. या देशात ती चाल वाजवू शकणारा दुसरा माणूस नव्हता. राजन मिठाईचा बॉक्स घेऊन करामाच्या जिन्यावरून वर आला.

"वहिनी, जुनं विसरा. आपण आर्टिस्ट माणसं."

मी कोपऱ्यात उभा होतो. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"वाजवेन," छायाताई म्हणाल्या.

राजनलाही नवल वाटलं. "खरंच? कंडिशन?"

"काही नाही. हव्वाबींना आणि त्यांच्या ओळखीच्या बायकांना पास द्या."

"डन! हवे तेवढे."

तो गेल्यावर चारुदत्त म्हणाले, "छाया, तू काय करणार आहेस?"

"वाजवणार आहे."

चारुदत्तांनी मिठाईचा बॉक्स बाजूला सारला. मग म्हणाले, "मी पुढच्या रांगेत बसेन."

हव्वाबींनी बेत ऐकला आणि कितीतरी वर्षांनी त्या हसल्या. त्यांची आई एक खोड काढायची. कुणी आगाऊ माणूस खिडकीआडून डोकावून ठेका धरायला लागला, की ती ठोक्याची सुरुवात हळूच सरकवायची. ज्याला गाणं ठाऊक आहे तो बरोबर येई. ज्याने चोरून ऐकलंय त्याचा पाय खड्ड्यात जाई. "कशी सरकवायची ती मी शिकवतंय," हव्वाबी म्हणाल्या. "आणि बायकांना आणायचं माझ्याकडे. येणार नाय म्हणतील, तर केस धरून आणीन."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. राजन काळ्या सुटात पुढे आला, माईक हातात घेतला. आपण आफ्रिकेच्या जंगलात कसे राहिलो, आदिवासींच्या शेकोटीशेजारी सिंहाच्या शिकारीची ही धून कशी सापडली, हे त्याने रंगवून सांगितलं. मागच्या रांगेत बुरखेवाल्या बायका बसल्या होत्या. तिथून कुणीतरी खुदकन हसलं.

राजनने काठी उचलली. पहिली दोन आवर्तनं छायाताईंनी त्याला हवी तशी वाजवली. वाद्यवृंदाचे कान माझ्याकडे होते, कारण प्रत्येक आवर्तन मीच सुरू करायचो. तिसऱ्या वेळी छायाताईंनी एक ठोका गिळला आणि तळहात माझ्या पोटावर आपटला. व्हायोलिनं माझ्या मागे आली. तबला, ड्रम, बासरी, सगळे आले. राजनची काठी रिकाम्या जागेत पडली.

त्याने घाईने सावरलं. छायाताईंनी पुन्हा सरकवलं. तो तीन मोजू लागला की मी दोन, तो दोनवर आला की मी तीन. पंख्याखाली माशा हाकलाव्यात तशी त्याची काठी फिरत होती. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ आले. मित्रांनो, त्या थंडगार सभागृहात त्याला घामाने भिजताना मी पाहिलं आणि मला फार, फार बरं वाटलं.

"छाया, काय करतेस? बास!" तो दातांतून म्हणाला.

छायाताईंनी गज उचलला. चाल सुरू व्हायची ती जागा आली होती. आईचं गाणं. त्यांनी ते वाजवलं नाही. गज हवेत धरून ठेवला. एकेक वाद्य थांबत गेलं. सगळं शांत झालं.

मग त्यांनी राजनच्या बाजूचा माईक ओढून घेतला. "माफ करा. ही धून यांनी रचलेली नाही, आणि जंगलातही सापडलेली नाही. एका बंद खोलीत ती चोरून टेप केली. ज्यांचा आवाज चोरला, त्या इथे बसल्या आहेत, हव्वाबी. त्यांनी ती कधीही कुणाला विकली नाही. मी त्या खोलीत होते. शब्द मी सांगणार नाही, ते सगळ्यांसमोर म्हणायचे नसतात. पण एवढं सांगते, त्यात सिंह नाही."

मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग मोठ्याने. ते हसू रांगांमधून पुढे आलं. काय झालंय ते न कळलेली माणसंही हसायला लागली. राजन काहीतरी बोलत होता, पण माईक छायाताईंच्या हातात होता. त्याने काठी खाली टाकली आणि पडद्यामागे निघून गेला.

हसणं थांबलं तेव्हा एक वृद्ध बाई उठली. जिने लग्नात ढोल काढून घेतला होता, तीच. तिने सगळ्यांदेखत हव्वाबींचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले.

त्यानंतर राजनला कोणत्याही मोठ्या हॉटेलाने बोलावलं नाही. वर्षाच्या आत तो मुंबईला परतला. छायाताईंनाही हॉटेलांनी बोलावणं बंद केलं. भर मंचावर मालकाचं नाक कापणारी वादक कुणाला हवी असते? त्या रात्री आमच्याबरोबर वाजवणाऱ्या वादकांचा हंगामही बुडाला. अनिल नावाचा व्हायोलिनवादक दोन महिने बिनकामाचा होता. त्याचं मला वाईट वाटतं. राजनचं वाटत नाही.

गेल्या वर्षी हव्वाबी फार आजारी होत्या. छायाताईंनी त्यांना विचारलं, "राजनला माफ केलंत का हो तुम्ही?"

"नाय गो," त्या म्हणाल्या. "पण आता त्याचं तोंड आठवत नाय मला. कसा दिसायचा तो?"

छायाताई हसल्या. मला मात्र त्याचं तोंड नीट आठवतं. लाकडाला चीर पडली की ती भरता येते, मिटत नाही. हवा कोरडी झाली की अजून ती ठणकते.

आता मी करामातच आहे. छायाताईंकडे पाच-सहा मुलं शिकायला येतात. त्यांतली काही मला खुर्चीवर आपटतात, काही पाणी सांडतात, पण कुणी मला गाडीत विसरत नाही. पहिल्याच दिवशी छायाताई त्यांना माझ्या पोटावरून बोट फिरवायला लावतात. "व्हॉट हॅपन्ड टु इट, मिस?" ती विचारतात, आणि मग त्या सांगतात.

मित्रांनो, वाद्य उन्हात ठेवू नका, पावसात नेऊ नका, त्याच्या तारा रात्री थोड्या सैल सोडा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी आणखी एक मागणं मागतो. कधी एखाद्या बंद दाराआडून तुम्हाला फार सुंदर गाणं ऐकू आलं, तर कान लावून ते चोरू नका. दार वाजवा आणि उभे राहा. दार उघडलं तर आत जाऊन शिका. आणि उघडलं नाही, तर मुकाट्याने घरी जा.